कोरड्या बंदराचे दर्यावर्दी

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर आहे. ही उंची आम्ही शाळेत पाठ केली आणि पुढे आयुष्यभर रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर वाचत आलो. पण ही समुद्राची सपाटी दिसते कशी, हे आमच्यापैकी बहुतेकांनी लग्न झाल्यावर पाहिलं. नकाशावर पट्टी ठेवली तर आम्हाला जवळचा समुद्र विशाखापट्टणमचा, सहाशे किलोमीटरच्या आत. मुंबईचा त्याहून शंभरेक किलोमीटर लांब. तरी समुद्र म्हटला की नागपूरकर मुंबईकडेच तोंड करतो, कारण मुंबईत आत्या राहते आणि विशाखापट्टणमला कुणीच राहत नाही.

अशा गावातल्या माणसांना भूमध्य समुद्रातल्या एका बेटाभोवती शिडाच्या होड्यांनी कुठे थांबावं याबद्दल मत नसेल, असं तुम्हाला वाटत असेल. मग तुमची नागपूरकराशी गाठ पडलेली नाही. मत असायला समुद्र कशाला लागतो?

निमित्त माझ्या भाच्याचं. तो बार्सिलोनात संगणकाच्या कामावर आहे. तिथल्या चार मित्रांनी मिळून आठवडाभरासाठी शिडाची नौका भाड्याने घेतली आणि मिनोर्का बेटाला फेरी मारायचं ठरवलं. त्या बेटाच्या किनाऱ्यावर नौका कुठे नांगरावी हे सांगणारं एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक असतं. त्याची काही पानं त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. 'मामा, जरा बघून ठेवा' असं खाली लिहिलं होतं. मी काय बघून ठेवणार होतो देव जाणे, पण मामा म्हटलं की जबाबदारी येते. मी ती पानं घेऊन संध्याकाळी धरमपेठेतल्या आमच्या पानठेल्यावर गेलो.

तिथे आमचं मंडळ असतं. त्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर, दिवाणी दाव्यांचे एक वकील आणि काटोलकडचे संत्र्याचे बागायतदार असलेले एक काकाजी. पानठेलेवाला पदसिद्ध अध्यक्ष. इंजिनियरसाहेबांनी चष्मा लावून पहिला प्रश्न विचारला, "बेट केवढं?"

बेट लहान आहे. सातशे चौरस किलोमीटरच्याही जरा आतच. एकट्या नागपूर जिल्ह्यात अशी चौदा बेटं बसवून वर नाल्याला जागा उरेल. बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर मोंते तोरो, त्याची उंची साडेतीनशे मीटरच्या थोडी वर. हे ऐकून मंडळात समाधानाची लाट पसरली. ज्या शिखरावर चढून ते लोक दूरवरचा समुद्र बघतात, त्याच्यापेक्षा जेमतेम पन्नास मीटर खाली आम्ही रोज पलंगावर झोपतो, आणि आम्हाला कोणी गिर्यारोहक म्हणत नाही.

आता त्या पुस्तकाबद्दल. प्रत्येक लहानशा खाडीचं त्यात वर्णन असतं: पाणी किती खोल, तळाशी वाळू आहे की चिखल की खडक, कोणत्या दिशेच्या वाऱ्याला ती खाडी उघडी, शेजारच्या नौकेपासून किती अंतर ठेवावं, आणि ऑगस्टमध्ये गर्दी किती. मिनोर्काला उत्तरेकडून ट्रामुंताना नावाचा वारा येतो, तो आला की उत्तर किनाऱ्यावर थांबायची सोय नाही. मग सगळ्यांनी वळसा घालून दक्षिणेच्या काला गाल्दानासारख्या खाड्यांत शिरायचं. दक्षिणेचा वारा सुटला की तीच वरात परत उत्तरेला. उत्तरेला फोर्नेल्सची खाडी आहे, तोंड अरुंद आणि आत पाण्याचं मोठं तळं, म्हणजे एकदा आत शिरलं की निवांत. पूर्वेला माओन, पाच किलोमीटरहून लांब नैसर्गिक बंदर. मेयोनीज या बंदराच्या नावावरून आलं, असं तिथले लोक छातीठोकपणे सांगतात. सावजीच्या रश्श्यावर वाढलेल्या गावाला त्या पांढऱ्या गोष्टीबद्दल हेवा वाटावा असं काही नव्हतं, म्हणून आम्ही तो विषय पुढे सरकवला.

पुढची पानं वाचता वाचता मात्र मंडळ गंभीर झालं. नौका नांगरणं म्हणजे हुबेहूब सीताबर्डीला शनिवारी संध्याकाळी गाडी लावणं आहे, हे एव्हाना सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. आधी लांबून जागा हेरायची. हेरताना आपण जागा शोधत आहोत असा चेहरा करायचा नाही. मग हळूच पुढे जायचं, शेजारच्याचा अंदाज घ्यायचा, आणि तो कपाळाला आठ्या घालायच्या आत आपलं लोखंड खाली सोडायचं. फरक एवढाच की सीताबर्डीला गाडी लावली की ती लावलेल्या जागी राहते. नौका राहत नाही. पाणी पाच मीटर खोल असेल तर पंचवीस मीटर साखळी सोडावी, असा तिथला साधारण हिशेब. साखळी तळावर आडवी पडली पाहिजे, म्हणजे ओढ आडवी बसते आणि नांगर आणखी रुततो. साखळी आखडती घेतली की ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर सुटून येतो. पण साखळी लांब म्हणजे वारा फिरेल तशी नौका तिच्याभोवती गोल फिरणार. रात्रभर. सगळ्याच नौका फिरणार, आणि ज्याने साखळीऐवजी दोर लावलाय तो भलत्याच वेगाने फिरणार. इंजिनियरसाहेबांनी सिगारेटच्या पाकिटावर त्रिज्या काढली आणि आपला फुटाळा तलाव चाळीसेक नौकांत हाउसफुल्ल होईल असा अभिप्राय दिला.

"आन् दोघायच्या होड्या भिडल्या तर?" पानठेलेवाल्याने विचारलं.

त्यावर नियम आहे. जो आधी आला त्याचा वर्तुळावर हक्क. मागून आलेल्याने अंतर राखायचं, आणि अंतर कमी पडलं तर मागून आलेल्यानेच नांगर उचलून दुसरीकडे जायचं. वकीलसाहेब हे ऐकून पहिल्यांदाच खुर्चीत सावरून बसले. "म्हणजे कब्जा," ते म्हणाले. "बारा वर्षं तिथेच नांगर टाकून बसला तर मालकी सांगता येते का, ते लिहिलंय का कुठं?" तसं काही लिहिलेलं नव्हतं. पुस्तक अपुरं आहे, असा निकाल झाला.

काकाजींना हे वाद परके होते. ते नांगराचं चित्र निरखत होते. ते चित्र सीक्यूआर जातीच्या नांगराचं. 1933 मध्ये केंब्रिजच्या जी. आय. टेलर या गणित आणि भौतिकशास्त्राच्या पंडिताने तो बनवला. साहेबांना शिडाच्या होडीचा नाद होता आणि जुने नांगर फार जड, म्हणून त्यांनी थेट शेतातल्या नांगराच्या फाळासारखं पातं घेतलं आणि दांड्याला बिजागरीने जोडलं. ओढलं की ते तळात घुसतं. द्रवपदार्थांच्या शास्त्रात ज्यांचं नाव आजही घेतात त्या माणसाने समुद्राचा तळ नांगरला, एवढंच काकाजींनी त्यातून घेतलं. बराच वेळ चित्र उलटसुलट करून ते म्हणाले, "फाळ बराबर हाय. पण जमीन काळी असन तर हा निंगत नाई. मंग बैल तुटते."

चिखलात रुतलेला नांगर काढताना नौकांची विद्युत चरखी खरोखर जळते, असं पुढच्याच पानावर होतं. काकाजींनी उरलेली पानं वाचली नाहीत. गरजच नव्हती.

तळाबद्दलची खरी गंमत पुढे होती. मिनोर्का ज्यांत मोडतं त्या बालेआरिक बेटांच्या भोवती समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाच्या गवताची कुरणं आहेत. हे शेवाळ नव्हे. याला मुळं असतात, फुलं येतात, फळ धरतं. वर्षाला ते काही सेंटीमीटरच पसरतं, आणि एक नांगर ओढला गेला की पिढ्यान्‌पिढ्यांची वाढ उपटून येते. म्हणून 2018 मध्ये तिथल्या प्रादेशिक सरकारने या गवतावर नांगर टाकायला बंदी केली. वाळूचा पांढरा ठिपका दिसला तर तिथे टाका, गडद दिसलं तर पुढे चला. उन्हाळ्यात गस्तीच्या बोटी फिरतात, खाली बघतात आणि तुमची साखळी गवतावरून उचलायला लावतात. इबिझाजवळची कुरणं तर 1999 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

पाण्यातल्या गवतासाठी सरकार गस्त घालतं, हे ऐकून मंडळ अवाक झालं. आमच्या अंबाझरी तलावात जलकुंभी माजते तेव्हा आम्ही तिला काढायला यंत्रं लावतो, मग ती यंत्रं कुठे गेली म्हणून ओरडतो, आणि तोवर जलकुंभी पुन्हा हजर. पानठेलेवाल्याने मनाचा मोठेपणा दाखवला. "भाच्याले सांगा, आमच्याकडून घिऊन जा म्हना. जित्ती लागन तित्ती."

भाच्याचा फोन आला तो रात्री दहाला, फोर्नेल्सहून. आवाज कापरा. एक फ्रेंच कुटुंब मागाहून आलं आणि याच्या अगदी नाकासमोर नांगर टाकून बसलं. वारा फिरला तर दोन्ही नौका एकमेकींना घासणार. काय करू? नौका हलली तर वाजणारा गजर त्याने मोबाइलवर लावलाच होता, पण शेजारी हलत नव्हता, त्याला कोणता गजर लावणार?

मी फोन स्पीकरवर टाकला. वकीलसाहेबांनी दोन साक्षीदार उभे करायला सांगितलं. इंजिनियरसाहेबांनी वाऱ्याची दिशा विचारली. अध्यक्षांनी कात लावता लावता तडजोडीचा मार्ग सुचवला: "त्याले रागवू नको. जाय, त्याच्या होडीवर उभा राय, आन् म्हन, काका, तुमाले मागं जागा हाय नं, या म्हनतो मी. मी सांगतो तुमाले, घ्या मागं, घ्या, घ्या, अजून, बस." आणि खरोखर तसंच झालं. भाच्याने रबरी डोंगीतून जाऊन हातवारे करत फ्रेंच काकांना मागे घेतलं. त्यांनी आभार मानून एक बाटली दिली. बाटलीत काय होतं हे बहिणीला सांगू नये असं ठरलं.

हा झाला समुद्राचा समुद्र. आता आमचा.

नागपूरला समुद्र नाही ही समजूत पूर्ण बरोबर नाही. समुद्र आहे, फाइलीत आहे. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे अंबाझरीच्या भिंतीवरून नाग नदीत कागदाची नाव सोडली तर ती तत्त्वतः समुद्रात पोचायला हरकत नाही. प्रत्यक्षात ती पहिल्या पुलाखाली प्लास्टिकच्या पिशव्यांत नांगरली जाईल, आणि तिथून सुटलीच तर गोसीखुर्द, मेडीगड्डा, पोलावरम आणि दवलेश्वरम अशी एकामागून एक भिंत तिची वाट बघत असेल.

पण दीडशे वर्षांपूर्वी साहेबांनी हा मार्ग फार गंभीरपणे घेतला होता. दवलेश्वरमचा बंधारा बांधणारे सर आर्थर कॉटन यांचा रेल्वेवर राग आणि पाण्यावर जीव. एवढ्या खर्चात लोखंड अंथरण्यापेक्षा नद्या वाहत्या करा, असा त्यांचा धोशा. तेवढ्यात 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सगळ्यांना एकदम हिंगणघाट आठवलं. वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस नदीत घालायचा, वर्धा-प्राणहिता-गोदावरीमार्गे आगबोटींनी थेट किनाऱ्यावर न्यायचा, अशी ती योजना. 1861 मध्येच मध्य प्रांत स्थापन झाला होता. त्याचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल नागपुरात बसून या जलमार्गाचा जोरदार पुरस्कार करत होते. सिरोंच्याला जिल्ह्याचं ठाणं झालं आणि जिल्ह्याचं नाव ठेवलं अप्पर गोदावरी. एखाद्या जिल्ह्याचं नाव वाचून तिथे गलबतं लागतात असं वाटावं, इतका आत्मविश्वास त्या काळी नावातच ओतलेला होता.

अडचण फक्त नदीची होती. या मार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचं देवलमरी. त्यांना वळसा घालायला कालवे आणि दरवाजे बांधायचे होते. काही बांधलेही. दुम्मागुडेमला ते काम आजही पाहायला मिळतं. पण दगड फोडून झाले तरी वर्षातले बरेच महिने नदीत आगबोट तरंगेल एवढं पाणी नसतं, ही बाब कोणत्याही धीवराने एका विडीच्या मोबदल्यात सांगितली असती. जानेवारीनंतर आमच्या नद्यांतून माणसं चालत पलीकडे जातात. आणि या सगळ्या खटाटोपात 1867 मध्ये रेल्वे नागपूरला येऊन उभी राहिली, शिटी वाजवत. 1871 मध्ये गोदावरीचं काम बंद करण्यात आलं. नागपूरचा पहिला समुद्र असा रेल्वेखाली सापडला.

दुसरा समुद्र 2016 मध्ये आला. राष्ट्रीय जलमार्गांचा कायदा झाला, त्यात देशभरातले 111 जलमार्ग जाहीर झाले आणि त्यांत वैनगंगा-प्राणहिताही आहे. हे सांगितल्यावर इंजिनियरसाहेबांनी डोळे मिटून घेतले. सगळी नोकरी त्यांनी त्याच पाण्याची वाट बघण्यात घालवली होती. तिसरी गोष्ट म्हणजे वर्ध्याजवळ सिंदी रेल्वेला मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदराने काढायला घेतलेलं बंदर. हे कोरडं बंदर आहे. कंटेनर रेल्वेने येतील, रेल्वेने जातील, जकातीचे कागद तिथेच होतील. बंदरात असावं ते सगळं असेल, फक्त पाणी सोडून. विदर्भाची पाण्याची स्थिती पाहता हा निर्णय व्यवहार्यच म्हणायला हवा.

चौथा समुद्र फुटाळ्याचा. भोसल्यांच्या काळातला हा तलाव. त्यात संगीतावर नाचणारी कारंजी बसली, काठावर बसायला पायऱ्यांची भव्य गॅलरी झाली, पुढे तरंगतं उपाहारगृह आणि कृत्रिम वडाचं झाडही पाण्यात आणायचं ठरलं. प्रकरण न्यायालयात गेलं. तलाव ही पाणथळ जागा आहे की नाही यावर वर्षानुवर्षं कीस पडला, आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 2017 च्या नियमांप्रमाणे फुटाळा पाणथळ जागेत मोडत नाही, कारण तो माणसाने बनवलेला. वकीलसाहेबांना हा निकाल कायद्याने पटला. पानठेलेवाला मात्र तलावाच्या काठी लहानाचा मोठा झालेला. तो एवढंच म्हणाला, "पाय घातला का वल्ला होते नं भाऊ?"

खरं शीड मात्र अंबाझरीत दिसतं. एनसीसीच्या नौदल शाखेची कॉलेजातली पोरं-पोरी तिथे वल्ही मारायला आणि शिडाची बोट हाकायला शिकतात. मे महिन्यात पारा 45 वर गेलेला असतो, वारा असतो पण तो भट्टीतून आलेला, आणि त्यात ती मुलं पांढऱ्या कपड्यांत शीड सावरत असतात. ट्रामुंतानाला घाबरणाऱ्या भूमध्य समुद्रावरच्या शौकिनांना एकदा आमच्या झांजवाऱ्यात नेऊन बसवायला हवं. याच अंबाझरीने 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांतल्या शंभर मिलिमीटरहून अधिक पावसात भिंत ओलांडली. लेआउटच्या गल्ल्यांतून बचाव पथकांच्या बोटी फिरल्या. त्या रात्री माणसं गेली, घरं चिखलाने भरली, त्याच्यावर हसण्यासारखं काही नाही. मोटारींना मात्र कोणी नांगर टाकलेला नव्हता; सकाळी त्या एकमेकींच्या अंगावर चढून बसलेल्या सापडल्या.

मराठी माणसाने शिडावर काही केलंच नाही असं कोणी म्हणू नये, म्हणून हेही सांगून टाकतो. नौदलातले दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने शिडाच्या नौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' 56 फुटांची, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. मुंबईहून निघून वाटेत फक्त चार ठिकाणी थांबले: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन. भूमध्य समुद्राकडे ते फिरकलेसुद्धा नाहीत. काला गाल्दानाला ऑगस्टमध्ये जागा मिळत नाही, हे त्यांनाही कळलं असावं.

मागच्या हिवाळ्यात पवनीला जाणं झालं. वैनगंगेच्या घाटावर एक म्हातारा धीवर आपल्या डोंग्यात बसून जाळं सुधारत होता. डोंगा दोराने बांधला होता आणि दोराचं टोक एका दगडाला. बोलणं निघालं, मी मोबाइल काढला आणि भाच्याच्या नौकेचे फोटो दाखवले. निळं पाणी, पांढरं शीड, डेकवर उताणी पडलेली चार पोरं.

"मासोया किती येते याच्यात?" त्याने विचारलं.

मासे पकडत नाहीत, मी म्हटलं.

"मंग मानसं उतरवतेत का पल्याड?"

तेही नाही. एका खाडीतून निघतात आणि दुपारपर्यंत दुसऱ्या खाडीत जातात.

"तिथी बजार असते?"

बाजार नसतो. तिथे जाऊन नांगर टाकतात. रात्रभर तो सुटत नाही ना हे बघत जागतात. सकाळी काढतात आणि पुढच्या खाडीत जाऊन परत टाकतात. नांगराऐवजी तिथल्या तरंगत्या बोयाला नौका बांधली तर एका रात्रीचे दोन-तीन हजार रुपये मोजावे लागतात.

म्हाताऱ्याने फोटो पुन्हा नीट पाहिला. मोबाइल दोन्ही हातांनी मला परत दिला.

"आन् घरचे लोक काई म्हनत नाई?"